जुन्या पिकअपचा तोल

काट्याचे महत्त्व व्यापाऱ्यास कोणी शिकवावे लागत नाही. एका पारड्यात माल पडला की दुसरे पारडे वर जाते, आणि दांडी समतल झाल्यावाचून व्यवहार पुरा होत नाही. वळण घेणाऱ्या मोटारीचेही असेच आहे. गाडी उजवीकडे वळली की तिचा भार डाव्या चाकांवर जातो, उजवी चाके हलकी होतात, आणि हा भार किती व कोणत्या धुऱ्यावर जातो यावर आत बसलेल्यांचा जीव अवलंबून असतो. ही गोष्ट आम्ही ऐकून होतो. परंतु तिचा खरा अर्थ आमच्या वासण्यातील एका गॅरेजात, एका जुन्या फार्गो पिकअपच्या चाकांशेजारी उभे राहून आम्हांस कळला.

ही गाडी आमच्याच एका सभासद कुटुंबाची. हाथीखान्याच्या बाजारातून धान्याची पोती वाहून तिने एका पिढीचा संसार उभा केला. तिचे कुळही आपणा सर्वांस अभिमान वाटावे असेच आहे. सोलापूरच्या जैन कुटुंबात १८८२ साली जन्मलेल्या शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली, आणि अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, डिसोटो, फार्गो आदी नावांच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. परकीय सत्तेच्या काळात हिंदुस्थानात मोटारी बनविण्याचे स्वप्न एका जैन व्यापाऱ्याने पाहिले, याची ही पिकअप म्हणजे चालतीबोलती साक्षच होय.

कुटुंबातील तरुण नातवाच्या मनात आले की, महावीर जन्मकल्याणकाच्या वरघोड्यात ही गाडी सजवून न्यावी आणि मागच्या हौद्यात पाठशाळेची मुले बसवावीत. एका संध्याकाळी आजींना शेजारी बसवून त्याने फेरी मारली. वळणावर गाडी अशी कलली की आजींनी दार घट्ट धरले, आणि घरी येताच सांगितले, "मुले यात बसणार असतील तर मी वरघोड्यास येणार नाही." तेव्हा नातवाने वळणावरील कल कमी करणारा मागील धुऱ्याचा दांडा, ज्यास स्वे बार अथवा स्टॅबिलायझर म्हणतात, मागविला आणि गाडी गॅरेजात नेली.

या दांड्याची रचना अगदी साधी आहे. लवचीक पोलादाचा, दोन्ही टोकांस वाकविलेला हा दांडा एका चाकाची हालचाल दुसऱ्या चाकास कळवितो. गाडी सरळ जाताना दोन्ही चाके एकदमच उचलली गेली तर तो नुसता फिरतो, काही करीत नाही. परंतु वळणावर एक बाजू दबली व दुसरी उचलली गेली की दांड्यास पीळ पडतो, आणि तो पीळ गाडीस समतल ठेवू पाहतो. कॅनडातील स्टीफन कोलमन यांस १९१९ साली अशा दांड्याचे पेटंट मिळाले. दांड्याची जाडी थोडी वाढली तरी परिणाम फार वाढतो. १९ मिलिमीटरच्या जागी २२ मिलिमीटरचा दांडा घेतला तर त्याचा ताठपणा सुमारे १.८ पट होतो. मात्र त्याने गाडीची भार वाहण्याची शक्ती तिळभरही वाढत नाही, हे व्यापाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावे.

मिस्त्रींनी नवा दांडा हातात घेतला, तोलला आणि बाजूस ठेवला. म्हणाले, "शेठ, दांडा नंतर. आधी पाटे पाहू." गाडी ठोकळ्यांवर चढविली तेव्हा दिसले की, डाव्या बाजूच्या पाट्यांपैकी एक तुटलेला, शॅकलचे बुश झिजून गेलेले आणि यू-बोल्ट सैल झालेले. हे सारे दुरुस्त होताच गाडीचा कल बराचसा कमी झाला. जो दोष रोगाचा होता, त्यावर आपण दागिना चढवू पाहत होतो! मिस्त्रींनी मुकाट्याने दांडा बसविला असता तर अधिक पैसे मिळाले असते व दोष झाकला गेला असता. गिऱ्हाइकास नको असलेले सत्य सांगणारा कारागीर आणि खोट असलेला थान स्वतःच उलगडून दाखविणारा कापडव्यापारी, हे एकाच जातीचे होत.

तरीही नातवाचा आग्रह होता. तेव्हा मिस्त्रींनी तो जाड दांडा एकट्या मागील धुऱ्यास तात्पुरता बसविला आणि पावसाने भिजलेल्या मोकळ्या पटांगणात, आम्हां सर्वांस दूर उभे करून, रिकामी गाडी बेताच्या वेगाने स्वतः वळविली. गाडी कलली नाही. परंतु तिची शेपूट एकदम बाहेर सरकली. कारण उघड आहे. रिकाम्या पिकअपचा मागील भाग मुळातच हलका. तेथे जाड दांडा लावला की वळणावर सरकणाऱ्या भाराचा मोठा हिस्सा मागील बाहेरच्या चाकावर पडतो, आतील चाक जवळजवळ अधांतरी राहते, आणि दोन्ही मिळून रस्त्यावरील पकड घटते. कल हा चालकास मिळणारा इशारा असतो. इशारा नाहीसा झाला म्हणजे धोका नाहीसा झाला असे नव्हे.

शेवटी पुढील धुऱ्यास एक दांडा आणि मागे त्याहून बारीक दुसरा, अशी योजना ठरली. मागील दांडा धुऱ्याच्या नळीस पट्ट्यांनी आवळला. नळीवर वेल्डिंग केले नाही, कारण उष्णतेने ती वाकते. त्याची टोके चॅसीस जोडताना नवे भोकही पाडले नाही. ब्रेकची नळी, धुराचा पाइप आणि फिरता शाफ्ट यांपासून दांडा पाटे पूर्ण दबले तरी दूर राहतो, हे पाहून घेतले. बुशांचे नट गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळले, आणि काही दिवसांच्या चालीनंतर पुन्हा तपासले.

भोक न पाडण्यामागे आणखी एक कारण होते. २०२१ साली केंद्र सरकारने केलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, खाजगी वापराच्या वाहनास 'व्हिंटेज' म्हणून नोंदविता येते. मात्र चॅसी, बॉडी व इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, आणि अशी गाडी नित्याच्या अथवा धंद्याच्या कामास वापरता येत नाही. म्हणून काढता येईल असाच बदल करावा, आणि तोही परिवहन कार्यालयास आधी विचारून. जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मीविलास राजवाड्यात जुन्या मोटारींचे मोठे प्रदर्शन भरले होते. तेथे मूळ रूप राखलेल्या गाडीची प्रतिष्ठा काय असते ते बडोदेकरांनी पाहिले. वासण्याजवळच्या अकोट्यात सापडलेल्या प्राचीन जैन धातुप्रतिमा ज्या शहराच्या संग्रहालयात जपल्या गेल्या, त्यास हे वेगळे सांगणे नलगे.

आता गाडी वळणावर शांत राहते. तेव्हा नातवाने विचारले, "मिस्त्रीकाका, आता मुलांना मागे बसवायचे ना?" मिस्त्री हात पुसत म्हणाले, "दांडा गाडीला धरतो, भाऊ. मुलांना कोण धरणार?" नातू क्षणभर गप्प राहिला. वरघोड्यात फार्गो फुलांनी सजून, रिकाम्या हौद्यात केवळ पंचरंगी ध्वज घेऊन, पायी चालणाऱ्यांच्या गतीने निघाली. मुले तिच्यापुढे चालत होती, आणि आजीही त्यांच्याबरोबर होत्या.

आपल्या धर्माने साधूंस ईर्यासमिती सांगितली आहे: पाऊल टाकण्यापूर्वी भूमी पाहावी, कोणा जीवास इजा होऊ देऊ नये. आपण गृहस्थ चाकांवर चालतो, एवढाच भेद. यंत्र सुधारले म्हणून यतना सोडू नये, हा बोध त्या गॅरेजात आम्हांस मिळाला. तो आमच्या व्यापारी बांधवांपुढे सविनय ठेवीत आहोत.