वेलाचे नाव आणि गावाचे नाव
इटलीतील द्राक्षमळ्यांपासून सांगली-साताऱ्याच्या बागाईतदारांस घेण्याजोगा धडा

सांगली जिल्ह्यातील तासगाव, मिरज, पलूस, खानापूर, कवठे महांकाळ व जत ह्या तालुक्यांत द्राक्षबाग ही आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. माघ-फाल्गुनात ह्या भागातून जाणाऱ्यास मांडवाखाली लोंबणारे घड आणि माळावरील बेदाण्याच्या शेडी ठायी ठायी दिसतात. पीक उत्तम येते, कष्टांतही कसूर होत नाही. तरी बाजारात माल नेल्यावर भाव ठरविण्याचा अधिकार आपल्या हाती राहत नाही, ही बागाईतदारांची जुनी तक्रार आहे. इटलीतील द्राक्ष बागाईतदारांपुढेही एके काळी हाच प्रश्न होता. त्यांनी तो कसा सोडविला, त्यात ते कोठे चुकले व त्यापासून आपण काय घ्यावे, ह्याचा विचार येथे करावयाचा आहे.

इटलीत पिकणाऱ्या द्राक्षांचा मोठा भाग वाइन करण्याकडे जातो, म्हणून पुढे वाइनचा उल्लेख वारंवार येईल. मद्यपानाचा पुरस्कार करणे हा त्यामागील हेतू नव्हे. शेतमालास गावाचे नाव कसे लाभते व ते कसे टिकते, हे समजून घेणे एवढाच उद्देश आहे.

जसे गाव तसा वेल

इटलीत प्रत्येक प्रांताचा आपापला वेल आहे. उत्तरेकडील पिएमोंते प्रांतात नेब्बिओलो नावाचे काळे द्राक्ष होते. ते उशिरा, म्हणजे बहुधा ऑक्टोबरात, डोंगरउतारावर धुके उतरू लागते त्या सुमारास तयार होते. बारोलो ह्या गावाच्या नावाने विकली जाणारी वाइन केवळ ह्याच द्राक्षाची करावी लागते. द्राक्षे ठरलेल्या ११ गावांच्या शिवारातीलच हवीत. आणि वाइन किमान ३८ महिने मुरली पाहिजे, पैकी १८ महिने लाकडी पिंपात. मध्य इटलीतील तोस्काना प्रांतात सान्जोव्हेजे हा वेल प्रमुख असून किआंती ही वाइन त्यापासून होते. हे नियम पूर्वी रूढीने पाळले जात. १९६३ साली इटलीने कायदा करून गाव, वेल आणि पद्धत ह्या तिन्ही गोष्टी एकत्र बांधल्या. ह्यांपैकी एक जरी चुकली तरी गावाचे नाव लावता येत नाही.

तेथील हवामान आपल्याहून निराळे आहे, हे प्रथम ध्यानात ठेवावे. तेथे कडाक्याच्या हिवाळ्यात वेल पाने गाळून झोपी जातो, म्हणून मुख्य छाटणी वर्षातून एकदाच होते. आपल्याकडे वेलास अशी झोप मिळत नाही. म्हणून आपण एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळ छाटणी अशा दोन छाटण्या घेतो. तेथे फायलोक्सेरा ह्या मुळे कुरतडणाऱ्या किडीपासून बचाव व्हावा म्हणून अमेरिकी खुंटावर कलम करतात. आपण डॉगरिज खुंट लावतो तो मुख्यतः खारवट जमीन व पाण्याची टंचाई ह्यांस तोंड देण्यासाठी. तेव्हा इटलीची पद्धत जशीच्या तशी उचलून चालणार नाही; उचलावयाचा आहे तो विचार.

मांडव आणि सुकवणी

असे असूनही काही बाबतींत इटलीचा शेतकरी आपला सख्खा भाऊ वाटावा. व्हेरोना शहराजवळील वालपोलिचेल्ला भागात वेल आपल्याप्रमाणेच मांडवावर चढविण्याची जुनी रीत आहे. तेथे कोर्विना जातीचे निवडक घड तोडून हवेशीर माडीवर, फळ्यांच्या किंवा जाळीच्या थरांवर, तीन ते चार महिने पसरून ठेवतात. घडाचे वजन एक तृतीयांश किंवा त्याहून अधिक घटते व गोडी आटून दाट होते. मग त्यापासून अमारोने ही वाइन करतात. दक्षिणेकडे, आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ, पांतेल्लेरिया नावाचे वाऱ्याने झोडपलेले बेट आहे. तेथील शेतकरी खळगा करून त्यात वेल बुटका राखतात. ह्या लागवडपद्धतीस युनेस्कोने २०१४ साली मानवजातीच्या वारशाच्या यादीत स्थान दिले. तेथील द्राक्षाचे नाव झिबिब्बो. हा शब्द अरबी भाषेतून आला असून त्या मूळ शब्दाचा अर्थ बेदाणाच आहे.

आपल्या भागातील बेदाण्याचे काम ह्याहून शीघ्र चालते. घड पोटॅशियम कार्बोनेट व डिपिंग ऑइल ह्यांच्या द्रावणात बुडवून काढतात. त्यामुळे मण्यावरील मेणाचा पातळ थर सैल होतो व आतील पाणी लवकर बाहेर पडते. नंतर शेडमध्ये जाळीच्या थरांवर माल पसरला असता दोन ते तीन आठवड्यांत बेदाणा तयार होतो. सुमारे चार किलो द्राक्षांपासून एक किलो बेदाणा निघतो. साधने निराळी असली तरी वेल, वारा आणि मनुष्याची निगराणी ही तिन्ही एकत्र येऊन माल सिद्ध होतो, हे तत्त्व उभयपक्षी एकच होय.

वेलाचे नाव कोणाचेही, गावाचे नाव आपले

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. ईशान्य इटलीत प्रोसेक्को नावाची फेसाळ वाइन होते. पूर्वी द्राक्षाच्या जातीसही प्रोसेक्को असेच म्हणत. पुढे मागणी वाढली, तेव्हा धोका उघड झाला. जातीचे नाव कोणाच्याही मालकीचे नसते. तो वेल परदेशी लावणारा प्रत्येक जण तेच नाव वापरू शकला असता. म्हणून २००९ साली द्राक्षाच्या जातीस ग्लेरा हे नाव कायम केले. त्रिएस्ते शहराजवळ प्रोसेक्को नावाचे गाव आहे. त्या गावासह आखलेल्या प्रदेशासाठी प्रोसेक्को हे नाव राखून ठेवले.

आपली स्थिती ह्याच्याशी ताडून पाहावी. थॉम्पसन सीडलेस हा वेल परदेशातून आला. त्याच वेलातून तासगाव तालुक्यातील बोरगावचे वसंतराव आर्वे ह्यांनी तास-ए-गणेश हा वाण निवडला. हे आपल्या जिल्ह्याचे मोठेच भूषण आहे. परंतु तो वेल आज कोठेही लावता येतो व त्याचा बेदाणा शेजारच्या विजापूर भागातही होतो. तेव्हा केवळ वाणाच्या नावावर आपणास वेगळा भाव मागता येणार नाही. सांगली हे नाव मात्र दुसऱ्या कोणास घेता येत नाही. सांगलीच्या बेदाण्यास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. सातारा जिल्ह्यातील वाघ्या घेवडा, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आणि सांगलीची हळद ह्यांनाही असे मानांकन लाभले आहे. मानांकन मिळाले म्हणजे काम संपले, असे मात्र नाही. १९९९ च्या कायद्यानुसार जो उत्पादक अधिकृत वापरकर्ता म्हणून आपले नाव नोंदवितो, त्यालाच ते चिन्ह मालावर लावता येते. नोंद न करणाऱ्याच्या घरी मानांकन असून नसल्यासारखेच राहते.

नाव कसे बिघडते

नाव मिळविण्यास पिढ्या लागतात. बिघडण्यास एक हंगाम पुरतो. तोस्कानाचा राज्यकर्ता तिसरा कोसिमो ह्याने १७१६ साली आज्ञा काढून किआंतीसह चार भागांच्या सीमा आखून दिल्या होत्या. पुढे ह्या नावास खप आहे असे पाहून १९३२ साली ते दूरदूरच्या टापूंसही देण्यात आले. मग मूळच्या गावांना आपले वेगळेपण दाखविण्यासाठी क्लासिको हा शब्द जोडावा लागला. सुदैवाने तेथील ३३ उत्पादकांनी १९२४ सालीच आपला संघ स्थापिला होता. त्या संघाने काळ्या कोंबड्याचे चिन्ह जपले, म्हणून मूळ गावांची ओळख टिकली.

ह्याहून भयंकर प्रसंग १९८६ साली ओढवला. काही लोभी व्यापाऱ्यांनी हलक्या वाइनमध्ये मेथॅनॉल हे विषारी द्रव्य मिसळले. २० हून अधिक माणसे प्राणास मुकली. दोष मूठभरांचा होता, पण परदेशी बाजार सर्वच इटालियन मालावर रुसला व प्रामाणिक बागाईतदारही त्यात भरडले गेले.

आपणासही असा चटका बसलेला आहे. २०१० साली युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट ह्या वाढरोधकाचे अंश मर्यादेहून अधिक आढळले आणि निर्यातीस जबर तडाखा बसला. ज्यांनी फवारणी जपून केली होती त्यांचा मालही अडला. शेजाऱ्याच्या बागेतील फवारणी ही केवळ शेजाऱ्याची खासगी बाब नसते, हे त्या वर्षी सर्वांस कळून चुकले.

वाइनची द्राक्षे लावावीत काय ?

हा प्रश्न अनेक बागाईतदार विचारतात. राज्य शासनाने २००१ साली द्राक्षप्रक्रियेचे धोरण ठरविले, त्यात नाशिक जिल्ह्यात विंचूर आणि सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन पार्क योजिले गेले. सातारा जिल्ह्याच्या सीमेस लागून असलेल्या माळशिरस तालुक्यात, अकलूज येथे, फ्रातेल्ली वाइन्स ह्या संस्थेने इटालियन भागीदारांच्या साह्याने सान्जोव्हेजे वेलाची लागवड केली. फ्रातेल्ली ह्या इटालियन शब्दाचा अर्थ बंधू असा आहे. म्हणजे तोस्कानाचा वेल आपल्या दख्खनच्या मातीत रुजतो, हे सिद्ध झालेले आहे.

तथापि वेल रुजणे निराळे आणि संसार चालणे निराळे. वाइनच्या द्राक्षाचा मणी लहान, बियांचा व जाड सालीचा असतो. ताजे खाण्यास त्यास गिऱ्हाईक नाही आणि बेदाण्यासही तो चालत नाही. थॉम्पसन वा तास-ए-गणेशचा माल एका बाजारात पडला तर दुसरीकडे वळविता येतो. वाइनच्या द्राक्षास कारखान्यावाचून दुसरे दार नाही. म्हणून वाइन कारखान्याशी भाव, मुदत व गोडीचे प्रमाण ह्यांचा लेखी करार झाल्यावाचून एक गुंठाही लागवड करू नये.

गावात करावयाचे काम

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी छाटणीपूर्वी बागाईतदारांची बैठक बोलावून पुढील गोष्टी समजावून द्याव्यात.

१. बेदाणा उत्पादकांनी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी. एकट्यादुकट्याने खटपट करण्यापेक्षा गटाने अर्ज करणे सोयीचे पडते.

२. प्रत्येक बागेची फवारणी-वही ठेवावी. औषधाचे नाव, मात्रा, तारीख आणि काढणीपूर्वी सोडलेले दिवस तीत लिहावेत.

३. गोडी पुरती भरल्याखेरीज बेदाण्यासाठी घड तोडू नयेत. गोडी अंदाजाने न ठरविता ब्रिक्समापकाने मोजावी.

४. निरनिराळ्या प्रतींचा वा बाहेरगावचा माल एकत्र करून सांगलीच्या नावाने विकू नये. असे करणाऱ्यास गटानेच अटकाव करावा.

बारोलो हे लहानसे डोंगरी गाव. तेथील शेतकऱ्यांनी नियम स्वतःवर लादून घेतले आणि ते एकमेकांकडून पाळवून घेतले. म्हणून त्या गावाचे नाव आज दूरदूरच्या देशांत आदराने घेतले जाते. आपल्या तासगावास व पलूसला माती, ऊन आणि कष्टाळू माणसे ह्यांची वाण नाही. उणीव आहे ती नाव जपण्याच्या शिस्तीची, आणि ती शिस्त बाहेरून कोणी आणून देणार नाही. ती गावानेच आपल्या अंगी बाणविली पाहिजे.