फोनाआधीचा फोन

१२ नोव्हेंबर २००७ रोजी गूगलने अँड्रॉइडचा विकसकांसाठीचा संच खुला केला, तेव्हा अँड्रॉइडवर चालणारा एकही फोन बाजारात नव्हता. पहिला फोन, टी-मोबाइल जी-१, अमेरिकेत आला तो ऑक्टोबर २००८ मध्ये. मधले जवळजवळ वर्षभर बाहेरच्या जगाला अँड्रॉइड दिसत होते ते संगणकाच्या पडद्यावरच्या एका खिडकीत. ही खिडकी म्हणजे इम्युलेटर, संगणकावर फोनची नक्कल करणारे सॉफ्टवेअर. ती मागाहून जोडलेली सोय नव्हती. ही प्रणाली लोकांसमोर आली तीच इम्युलेटरमधून. भारतात तर अँड्रॉइडचा फोन २००९ मध्ये, एचटीसी मॅजिकच्या रूपाने आला आणि त्याची किंमत तीस हजारांच्या घरात होती. नागपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याच्या आवाक्यात तो फोन नव्हता. इम्युलेटर मात्र फुकट होता आणि प्रयोगशाळेतल्या संगणकावर चालत होता.

या इम्युलेटरच्या मुळाशी क्यूईएमयू हे सॉफ्टवेअर आहे. ते लिहिले फाब्रिस बेलार्ड या फ्रेंच प्रोग्रामरने, २००३ मध्ये. व्हिडिओच्या जगाचा कणा बनलेला एफएफएमपेग हा प्रकल्पही त्यानेच सुरू केलेला. २००९ च्या अखेरीस याच माणसाने साध्या डेस्कटॉपवर पायचे सुमारे २.७ लाख कोटी अंक काढून तेव्हाचा जागतिक विक्रम केला. बेलार्डची कल्पना अशी: एका जातीच्या प्रोसेसरसाठी लिहिलेल्या आज्ञा एकेक करून वाचत बसायचे नाही, त्यांचे छोटे गट करायचे, प्रत्येक गट यजमान संगणकाच्या प्रोसेसरच्या आज्ञांमध्ये बदलायचा आणि तो अनुवाद जपून ठेवायचा. तोच गट पुन्हा आला की तयार अनुवाद वापरायचा. गूगलने यावर ‘गोल्डफिश’ नावाचा एक सर्किट बोर्ड रचला. हा बोर्ड कोणत्याही कारखान्यात कधी बनला नाही. पण लिनक्सच्या कर्नलला आपण त्याच बोर्डावर चालत आहोत असे वाटे आणि वरचे सगळे अँड्रॉइड त्या समजावर उभे राही.

हे सुंदर होते, पण संथ होते. सुरुवातीच्या वर्षांत इम्युलेटर सुरू व्हायलाच काही मिनिटे लागत. पुढे अनुवादाची गरजच काढून टाकण्यात आली: इंटेलच्या प्रोसेसरसाठी बांधलेले अँड्रॉइड, आणि जोडीला त्याच्या आज्ञा थेट प्रोसेसरवर चालवणारे साधन, विंडोजवर हॅक्सम किंवा लिनक्सवर केव्हीएम. आज इम्युलेटर मंद चालत असेल तर दोष बहुधा बायॉसमध्ये सापडतो. तिथे व्हर्च्युअलायझेशन बंद ठेवलेले असते. ते चालू करायचे, अँड्रॉइड स्टुडिओतून हवी ती आवृत्ती उतरवून घ्यायची, आभासी यंत्र तयार करायचे. बाकीचे पडदे पुढे-पुढे दाबत जाण्याचे आहेत.

खरी गंमत आहे ती या आभासी फोनला परिस्थिती पुरवण्यात. इम्युलेटरला टेलनेटने आज्ञा देता येतात. पहिल्या यंत्राचा पोर्ट ५५५४. कॉल आल्याचे भासवता येते, एसएमएस पाठवता येतो, नेटवर्कचा वेग पार एजपर्यंत खाली आणता येतो. ‘जिओ फिक्स’ या आज्ञेने फोन कुठेही नेऊन ठेवता येतो. नागपूरचा झिरो माईल सुमारे २१.१५ उत्तर अक्षांश आणि ७९.०८ पूर्व रेखांशावर आहे. भूगोलाच्या तासाला शिकवतात तसा अक्षांश आधी लिहिला की घोटाळा होतो, कारण ही आज्ञा रेखांश आधी मागते. आकडे उलटे पडले तर फोन नागपूरऐवजी ७९ अंश उत्तरेला, नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांमध्ये जाऊन बसतो. नकाशावर बर्फाळ समुद्र दिसू लागला की चूक लगेच पकडता येते. इम्युलेटरच्या खिडकीतून संपूर्ण मार्गही चालवता येतो. खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक हा नागपूर मेट्रोचा प्रवास टेबलावर बसल्या बसल्या होतो आणि सीताबर्डीच्या अदलाबदल स्थानकावर ॲप गोंधळते का, ते पाहता येते.

नागपूरच्या मे महिन्याचे मात्र काय करायचे? बॅटरीसाठी ‘ओव्हरहीट’ अशी अवस्था जाहीर करता येते आणि ॲपला ती कळते. पण तो निव्वळ निरोप असतो. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो, पडदा मंदावतो, बोट घामाने घसरते. यातले काही खिडकीत घडत नाही.

मराठीसाठी इम्युलेटरचे मोल याहून मोठे आहे. अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत देवनागरीच्या जागी चौकोन दिसत. त्या काळी ऑपेरा मिनीच्या छुप्या सेटिंगमध्ये जाऊन जटिल लिप्यांसाठी बिटमॅप फाँट चालू करायची युक्ती तोंडोतोंडी पसरली होती. मग अक्षरे सर्व्हरवरूनच चित्ररूपात येत आणि मराठी वर्तमानपत्र कसेबसे वाचता येई. मराठी ही अँड्रॉइडच्या मूळ संचातली भाषा झाली २०१४ च्या लॉलिपॉप आवृत्तीत. त्याच खेपेला बंगाली, तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम आणि नेपाळीही आल्या. त्यामुळे वेगवेगळ्या आवृत्त्यांची आभासी यंत्रे शेजारी-शेजारी उघडली की मराठी अक्षरांची वाटचाल डोळ्यांसमोर उभी राहते.

चाचणीसाठी ‘दर्या, दऱ्या, तऱ्हा, ॲप, लळा, शेळी’ एवढा मजकूर पुरतो. पहिल्या दोन शब्दांत समुद्र आणि डोंगरातल्या खोलगट जागा एवढे अंतर आहे आणि ते सगळे एका रफारावर आणि एका अर्ध्या ऱ्यावर तोललेले आहे. युनिकोडमध्ये हा अर्धा र दोन वाटांनी येतो: नुक्त्याच्या ऱ ला हलन्त जोडून, किंवा साध्या र ला हलन्त आणि त्यामागे न दिसणारा जोडक लावून. दोन्ही वाटांनी पडद्यावर एकच आकृती उमटली पाहिजे. ‘ॲप’मधला ॲ युनिकोडमध्ये आला २००८ मध्ये, त्याआधीच्या फाँटमध्ये तो नाहीच. त्यामुळे अनेकांनी अ वर चंद्र चढवून काम भागवले. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, पण शोधयंत्राला ते वेगळे शब्द वाटतात, आणि काही इंजिने त्या जोडीच्या मध्ये ठिपक्यांचे वर्तुळ घुसवतात. असे वर्तुळ घेऊन एखादे ॲप बाजारात येते तेव्हा ते मराठीत कोणी उघडूनच पाहिले नव्हते, एवढाच त्याचा अर्थ.

ल आणि श यांची परीक्षा आणखी बारीक आहे. मराठी वळणाचे आकार हिंदी वळणाहून वेगळे आहेत, पण दोघांचा युनिकोड क्रमांक एकच. फाँटमध्ये मराठीची वेगळी सोय हवी आणि हा मजकूर मराठी आहे हे प्रणालीने फाँटला सांगायला हवे. अँड्रॉइडमध्ये मजकुराच्या चौकटीला भाषा कळवण्याची सोय ४.२ आवृत्तीपासून आहे. इम्युलेटरच्या सेटिंगमध्ये भाषा हिंदीवरून मराठीवर नेली आणि ल चा आकार बदलला नाही, तर दुवा कुठेतरी तुटला आहे. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीची वर्णमाला प्रमाणित केली. फोनच्या पडद्यावर ती पाळली जाते का, हे कोणत्याही गावात, कोणालाही, फोन विकत न घेता तपासता येते. दर महाविद्यालयात हे व्हायला हवे.

आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी उभारलेली इंडस ओएस ही फोनची प्रणाली आपल्या भाषांच्या याच गरजेतून निघाली. २०१५ मध्ये ती मायक्रोमॅक्सच्या युनाइट ३ या फोनात बसून आली. बोट फिरवून इंग्रजी निरोप आपल्या भाषेत आणण्याची तिची सोय त्या काळात कौतुकाची होती. २०२२ मध्ये तिची कंपनी फोनपेने घेतली.

घरच्या संगणकावर सर्वांत सहज चालून गेलेली प्रणाली मात्र फायरफॉक्स ओएस. मोझिलाने २०१२ च्या अखेरीस तिचा सिम्युलेटर ब्राउझरच्या जोडणीच्या रूपात दिला. त्यात फोनच्या चिपची नक्कल नव्हतीच. फोनचा सगळा दर्शनी भाग वेबच्या भाषेत लिहिलेला असल्याने तोच संगणकावर थेट चाले, जुन्या यंत्रावरही सपाट्याने. ऑगस्ट २०१४ मध्ये इंटेक्सने क्लाउड एफएक्स १,९९९ रुपयांना आणला. त्यात मेमरी अवघी १२८ एमबी. कित्येक पटींनी जास्त मेमरीच्या संगणकावर झरझर सरकणारे पडदे हातातल्या फोनवर अडखळू लागले. चिपची नक्कल करणारा इम्युलेटर संथ असला तरी मेमरीची मर्यादा घालू देतो; सिम्युलेटरच्या वेगावर विसंबलेल्यांना फोनची खरी कुवत फोन हाती आल्यावरच कळली. डिसेंबर २०१५ मध्ये मोझिलाने फोनचा नाद सोडला. फायरफॉक्स ओएसच्याच पायावर कायओएस उभी राहिली आणि २१ जुलै २०१७ रोजी मुंबईत जाहीर झालेल्या जिओफोनमधून ती बटणांच्या फोनवर परतली. या वेळी मेमरी ५१२ एमबी होती आणि स्पर्शाचा पडदा नव्हता. त्यामुळे तिची ॲप्स संगणकावर तपासताना माउस बाजूला ठेवून फक्त बाणांच्या कळा, एंटर आणि अंक वापरावे लागतात.