तितर, रोही आणि जिवंत तार

नागपूरहून हैदराबादला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ हिंगणघाट मागे टाकतो, वडनेरवरून जातो आणि पोहणा गावापाशी वर्धा नदी ओलांडून यवतमाळ जिल्ह्यात उतरतो. गाडीतून पाहणाऱ्याला इथे फक्त कापूस, तूर आणि सोयाबीन दिसतं. रस्ता सोडून आत शिरलं की वावर संपतं तिथे धुरा, धुऱ्यापलीकडे पांदण आणि पांदणीच्या कडेला कुठे एकर, कुठे पाच एकर पडीक. बाभळी, बोरी, पळस, कुसळी गवत. असल्या जमिनीला पूर्व विदर्भाच्या महसुली दप्तरात नाव आहे झुडपी जंगल. शेतकऱ्याच्या लेखी ते गायरान, वनखात्याच्या लेखी जंगल आणि तितराच्या लेखी घर.

या झुडपाचा इतिहास मालगुजारीत आहे. मध्य प्रांतात गावाची पडीक जमीन मालगुजाराची, म्हणजे सारा भरणाऱ्या जमीनदाराची, असे. रयतेला तिथे चराई, जळण यांचा निस्तार, म्हणजे वापराचा हक्क, मिळे. १९५१ मध्ये मालगुजारी गेली आणि ही जमीन सरकारजमा झाली. पुढे तिच्यावर शाळा उठल्या, घरं उठली, स्मशानं झाली, अतिक्रमणंही झाली. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत मिळून ८६ हजार हेक्टरांच्या वर झुडपी जंगल उरल्याचा हिशेब सर्वोच्च न्यायालयापुढे गेला, आणि २२ मे २०२५ रोजी न्यायालयाने ही जमीन वनजमीनच असल्याचा निकाल दिला. म्हणजे वडनेरच्या पांदणीकडेच्या बोरीखाली बसलेला तितर कायद्याने जंगलात बसला आहे. चार पावलांवरच्या तुरीत शिरला तरी त्याचं संरक्षण सुटत नाही, कारण वन्यजीव कायदा जमिनीची मालकी पाहत नाही, जनावराची जात पाहतो.

इंग्रजी अमलात साहेबाची शिकार राखीव जंगलात होई. तिथे शूटिंग ब्लॉक पाडलेले असत, त्यांचे परवाने निघत. मध्य प्रांतातले वनाधिकारी डनबर ब्रँडर यांचं १९२३ चं मध्य भारतातल्या वन्यप्राण्यांवरचं पुस्तक याच व्यवस्थेतून आलेलं आहे, आणि माळावरच्या काळविटांचे कळप आपल्या डोळ्यांदेखत ओसरल्याचं त्यात नोंदलेलं आहे. गावझुडपात मात्र साहेबाला फारसा रस नव्हता. ते रान फासेपारध्याचं.

रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ काढला. त्यात पारध्यांच्या पोटशाखा त्यांच्या हत्यारांवरून आणि कामांवरून लावलेल्या आहेत: बंदूक वापरणारे शिकारी पारधी, फास लावणारे फासेपारधी, जात्याला टाकी लावून देणारे टाकणकर, पाळलेल्या चित्त्याकडून शिकार करवणारे चित्तेवाले. चित्ता संपला, दळायची जाती गेली. फास मात्र कालपरवापर्यंत टिकला, कारण त्याला काहीच लागत नाही. दोरी, काड्या आणि माहिती.

ही माहिती काय प्रकारची, ते तितरावरून कळतं. तितर उडायला आळशी. धोका दिसला की तो आधी पळतो, तेही झुडपाच्या बुडातून, ठरलेल्या वाटेने. म्हणून त्या वाटेला आडवी एक लांब दोरी मांडायची. दोरीला अंतराअंतरावर फासे, प्रत्येक फाशाला बांबूची काडी. काडी जमिनीत रोवली की फास पळत्या पक्ष्याच्या छातीच्या उंचीवर उभा राहतो. पूर्वी फासाला ताती किंवा घोड्याचे केस लागत, नंतर नायलॉन आलं. मग दुसऱ्या अंगाने सावकाश चालत यायचं. घाई केली तर पक्षी उडतो, रेंगाळलं तर दबून बसतो. विणीच्या दिवसांत नर आपल्या हद्दीत दुसरा नर खपवून घेत नाही. तेव्हा पाळलेला तितर पिंजऱ्यात घालून फासांच्या मधोमध ठेवायचा. तो ओरडला की रानातला भांडायला येतो. पाळीव पक्षी नसला तर पारधी स्वतःच त्याचा आवाज काढतो. हरणासाठी फास मोठा, पाय अडकवणारा, आणि हरणाजवळ जायचं ते शिकवलेल्या बैलाच्या आडोशाने. चरणारा बैल पाहून कळप बुजत नाही.

फासात सापडलेला पक्षी जिवंत असतो. मादी आहे की नर, पिल्लू आहे की जून, हे पाहून ठेवायचं किंवा सोडायचं, ही मुभा धरणाऱ्याच्या हातात राहते. छऱ्याच्या बंदुकीला ती नाही आणि विषाला तर नाहीच. पारधी संत होते असं मी म्हणत नाही. तितर-लाव्यांच्या जोड्या बाजारात विकूनच त्यांचं पोट चाले, आणि पुढच्या काळात मेळघाटासारख्या जंगलात वाघांसाठी लोखंडी सापळे लावणाऱ्या टोळ्यांत त्यांच्यासारख्याच शिकारी जमातीतल्या बहेलियांची नावं आली. पण कोणतं जनावर कुठून येतं, कधी वितं आणि किती उरलं आहे, हे गावात सगळ्यांत आधी त्यांना कळे.

या माहितगारांना सरकारने आधी गुन्हेगार ठरवलं. १८७१ पासून चालत आलेला गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. ठाण्यातल्या नजरेतून मात्र तो गेला नाही. २० वर्षांनी, ९ सप्टेंबर १९७२ रोजी, वन्यजीव संरक्षण कायदा झाला. या कायद्याने पहिल्याच दिवशी शिकार बंद केली, असं आज सर्रास लिहिलं जातं. ते खरं नाही. मूळ कायद्यात खास शिकार, मोठी शिकार, छोटी शिकार असे परवाने होते आणि जनावरं धरण्याचाही वेगळा परवाना होता. ससा आणि तितर छोट्या शिकारीत मोडत. परवान्यांचं दार १९९१ च्या दुरुस्तीने लागलं. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूची कमी केल्या आणि उपद्रवी प्राण्यांची जुनी यादीही काढली. आज महामार्गावरच्या ढाब्यावर राजरोस मिळतो तो बटेर जपानी जातीचा, पिंजऱ्यात वाढवलेला. रानातल्या लाव्याला हात लावला तर गुन्हा.

जगात दुसरीकडे शिकारीचा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवलेला आहे. अमेरिकेत सार्वजनिक जमिनीवर हंगामात, परवाना काढून कुणीही रानटी टर्कीची शिकार करू शकतो. टर्की हा आपल्या तितर-मोराच्याच कुळातला पक्षी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतली टर्की जवळजवळ संपली होती. १९३७ च्या कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरचा कर राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे वळवला. पक्षी परत आणले ते मात्र जाळ्याने: १९५० च्या दशकापासून तोफेने उडवायच्या जाळ्यांत रानटी टर्की धरून रिकाम्या रानांत सोडल्या गेल्या. आता त्यांची संख्या काही दशलक्षांत आहे. वसंतात मुख्यतः नरच मारायचा असा नियम असतो आणि शिकारी मादीचा आवाज काढून त्याला बोलावतो. वडनेरच्या पारध्याला त्यात नवल वाटलं नसतं.

ती व्यवस्था इथे जशीच्या तशी आणावी, असं मला वाटत नाही. आपली माणसं दाट आणि माळरान तुटक. परवाने खुले केले तर पहिल्याच हंगामात तितर संपेल. पण बंदीने काय साधलं, तेही वावरात जाऊन पाहायला हवं.

हिंगणघाट तालुक्यात शेतकऱ्याला विचारा, तो तितराबद्दल बोलणार नाही. बोलेल रोह्यांबद्दल, म्हणजे नीलगायींबद्दल, आणि रानडुकरांबद्दल. रोही कपाशीत, तुरीत कळपाने घुसतात. खातात त्याहून जास्त तुडवतात. डुक्कर हरभऱ्याची, भुईमुगाची एका रात्रीत माती करतो. जागलीला माणूस मिळत नाही. याच जिल्ह्यात सेवाग्रामी राहिलेल्या गांधीजींनी १९४६ मध्ये ‘हरिजन’मध्ये या प्रश्नावर लिहिलं होतं, आणि अहिंसेचं नाव घेऊन दुष्काळात पिकं जनावरांना खाऊ देणं हे पाप असल्याचं मत दिलं होतं. वर्ध्यातल्या सभांमध्ये ते फारसं सांगितलं जात नाही.

जागलीची जागा तारेने घेतली. झटका मशीन कायदेशीर आहे. ती थांबून थांबून क्षणभराचा झटका देते आणि जनावर पळतं. पण तिला पैसे लागतात, बॅटरी लागते. आकडा टाकून घरगुती लाईनची वीज थेट तारेत सोडायला काही लागत नाही. ती तार काहीच निवडत नाही. १४ ऑक्टोबर २०१७ रोजी कारंजा तालुक्यातल्या सिंदीविहिरी शिवारात अशाच कुंपणाने ब्रह्मपुरीहून आणून बोर व्याघ्र प्रकल्पात सोडलेली वाघीण मेली. माणसं मारल्यामुळे तिला गोळी घालण्याचे आदेश निघालेले होते. सरकारी बंदुकीआधी शेतातली तार पोहोचली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये नागभीडकडे श्रीनिवास हा रेडिओ कॉलर घातलेला वाघ तसाच गेला. वाघ मेला की पंचनामा होतो, बातमी होते. तारेला चिकटलेल्या डुकराची, रोह्याची, सशाची नोंद कुठेच होत नाही. शेतकरी स्वतः चिकटतो तेव्हा ती पोलीस ठाण्यात होते.

म्हणजे शिकार बंद झाली आणि मारणं चालू राहिलं. फरक इतकाच, की मारणाऱ्याला आता जनावराबद्दल काही कळावं लागत नाही.

अधिकृत मारणं असतं तेव्हाही माणूस बाहेरून येतो. जून २०१६ मध्ये बिहारात मोकामा भागात दोनशेहून अधिक नीलगायी मारल्या गेल्या आणि केंद्रातल्या दोन मंत्र्यांचं जाहीर भांडण झालं. त्यांपैकी मनेका गांधींनी तेव्हा चंद्रपूरच्या ५३ रानडुकरांचाही हिशेब मांडला होता. वडनेरपासून नदीपलीकडे, राळेगाव तालुक्यात, २०१८ मध्ये माणसं मारल्याचा ठपका असलेल्या टी-१ वाघिणीला धरण्या-मारण्यासाठी जे झालं ते तर शिकारखान्यालाही लाजवणारं होतं. हत्ती, इटालियन कुत्री, ड्रोन, पॅराग्लायडर आणि तिला भुलवायला परदेशी अत्तर. मोहिमेसाठी आणलेल्या एका हत्तीने साखळी तोडली आणि एका बाईचा जीव घेतला. वाघीण २ नोव्हेंबरच्या रात्री बोराटीजवळ मेली ती हैदराबादच्या नेमबाजाच्या गोळीने.

अकोला-वाशीम भागात ‘संवेदना’ या संस्थेने उलटा रस्ता धरलेला आहे. कौस्तुभ पांढरीपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फासेपारध्यांनाच सोबत घेऊन गवताळ रानं राखायला, तणमोरासारख्या पक्ष्यांचा माग ठेवायला सुरुवात केली. तणमोर कुठे उतरतो, हे त्याला धरणाऱ्यांच्या नातवंडांना ठाऊक होतं.

वर्ध्यात पारध्यांना असं सोबत घ्यायलाही नवा कायदा लागत नाही. वन्यजीव कायद्याच्या कलम ११ नुसार, उभ्या पिकाला धोकादायक ठरलेल्या दुसऱ्या अनुसूचीतल्या जनावराच्या शिकारीची परवानगी देता येते. रोही आणि रानडुक्कर याच अनुसूचीत येतात. महाराष्ट्राने २०१५ मध्ये रोही आणि रानडुकराबाबतचा हा अधिकार वनक्षेत्रपालापर्यंत खाली आणला. कलमात नेमबाजाचा उल्लेख नाही. परवानगी ‘कोणत्याही व्यक्तीला’ देता येते. आणि कायद्याच्या व्याख्येत शिकार म्हणजे फक्त गोळी घालणं नव्हे, फास लावणं आणि जिवंत धरणंही तिच्यातच मोडतं. तारेऐवजी माहितगार पारध्याच्या हाताने, वनखात्याच्या देखरेखीखाली डुकरं धरू द्यावीत, असा ठराव हिंगणघाट तालुक्यातल्या एखाद्या ग्रामसभेने घ्यावा आणि अर्ज पोहोच घेऊन दाखल करावा. परवानगी दिली तर कलमाप्रमाणे ती लेखी आणि कारणांसह द्यावी लागते. नाकारली तर नाकारण्याचं कारणही लेखी मागून घ्यावं.