हायस्कुलाच्या उंबरठ्यावरील सुटी

रोहिणी नक्षत्र सरत येतें, वळवाच्या एक-दोन सरी पडून जातात आणि घरोघरीं शाळेच्या तयारीची लगबग सुरू होते. महाराष्ट्रांत बहुतेक ठिकाणीं जूनच्या मध्यास शाळा उघडतात. जिल्हा परिषदेच्या पुष्कळ शाळा सातवीपर्यंतच असल्यामुळें खेड्यांतील कित्येक मुलांना आठवीसाठीं दुसऱ्या गांवच्या हायस्कुलांत जावें लागतें. वय तेरा वर्षांचें. धड लहान नाहीं, धड मोठें नाहीं. अशा मुलाचे सुटीचे शेवटचे दोन आठवडे कसे घालवावे, याविषयीं आज चार अनुभवाचे शब्द सांगावयाचे आहेत.

पुष्कळ पालक या दिवसांत आठवीचें बीजगणित आधींच उरकून घेतात. मीं स्वतः तेंच केलें. शिक्षकाचा मुलगा मागें पडूं नये, या अभिमानापायीं माझ्या मुलाची ती सुटी मीं ओसरीवर फळ्यासमोर संपविली. मुलगा परीक्षेंत वर आला, ही गोष्ट खरी. परंतु हायस्कुलांत गेल्यावर तो मजशीं अभ्यासाखेरीज दुसरें कांहीं बोलेनासा झाला. त्यांत त्याचा दोष नव्हता. मींच त्याच्याशीं दुसरें कांहीं बोललों नव्हतों.

गतवर्षीं नातू त्याच उंबरठ्यावर आला. तेव्हां मीं मुलाला व सूनबाईंना म्हटलें, “यंदां फळा नको, आपण सगळींच जवळपास हिंडूं या.” नियम एकच ठरविला. सहलीचा कारभारी नातू. गाडीची वेळ त्यानें पाहावयाची, पैसे त्याच्या हातीं, हिशेबही त्यानेंच लिहावयाचा. आणि विचारल्यावांचून वडील माणसांनीं कांहीं सांगावयाचें नाहीं. मास्तरकी केलेल्या माणसाला हा शेवटचा नियम पाळणें किती कठीण, तें मास्तरच जाणोत!

पहिल्या दिवशीं आम्ही पुणें-लोणावळें लोकलनें मळवलीस उतरलों. स्टेशनाच्या एका अंगास भाजें, दुसऱ्या अंगास कार्लें. भाज्याचीं लेणीं इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकांतील. तेथील चैत्यगृहाचे खांब आंत किंचित् कललेले आहेत. नातवानें विचारलें, “आजोबा, हे वांकडे कां?” मग सांगणें प्राप्तच झालें. त्या काळचे कारागीर लांकडी इमारती बांधण्यांत मुरलेले. लांकडी इमारतींत छताचा भार पेलण्यासाठीं खांब तिरपे देत. दगडांत त्याची गरज नव्हती, तरी हाताचें वळण सुटलें नाहीं. कार्ल्याचें चैत्यगृह त्यानंतरचें, सुमारें ३७ मीटर लांब; हिंदुस्थानांतील कोरीव चैत्यगृहांत सर्वांत मोठें. छताला बसविलेल्या मूळ लांकडी कमानी तेथें अजून दिसतात. खांबांवर ब्राह्मी लिपींत दात्यांचीं नांवें आहेत. त्यांत यवन आहेत, आणि सुगंधी द्रव्यांच्या एका व्यापाऱ्याचाही लेख तेथें आहे. इतिहास केवळ राजांनीं घडविला नाहीं, हें वाक्य मीं वर्गांत कितीदां सांगितलें असेल! नातवाला तें खांबाशीं उभें राहून पटलें.

परततांना कारभाऱ्यानें रविवारचें वेळापत्रक सोडून दुसरेंच पाहिल्याचें उघड झालें आणि लोकल चुकली. त्याचें तोंड उतरलें. कोणी रागावलें नाहीं. सूनबाईंनीं उरलेल्या दशम्या सोडल्या आणि आम्ही दीड तास फलाटावर बसलों. त्या वेळीं माझा मुलगा डोंगराकडे पाहात म्हणाला, “अण्णा, अर्ध्या तासाच्या वाटेवर राहून मी इथं कधीं आलोंच नव्हतों. पेपरांत मात्र कार्ल्याच्या लेण्यावर टीप लिहिली होती. पुरे गुण मिळाले होते.” त्याच्या बोलण्यांत राग नव्हता. मला मात्र उत्तर सुचलें नाहीं.

दुसरी सहल सिंहगडाची. इ. स. १६७० मध्यें तानाजी मालुसरे यांनीं देह ठेवला तो हा गड, समुद्रसपाटीपासून सुमारें १,३०० मीटर उंच. नातवानें सोबत तापमापक घेतला होता. उंची वाढली कीं हवा विरळ होते व थंडावते. सरासरी दर १,००० मीटरना साडेसहा अंश, असा हिशेब आहे. पायथ्यापासून माथा ६०० मीटर धरला, तर त्रैराशिकानें सुमारें चार अंश उतरावयास हवे. प्रत्यक्षांत दोनच उतरले! मुलाला वाटलें, आपलें गणित चुकलें. मग आम्ही देवटाक्याचें गार पाणी पिऊन विचार करीत बसलों. चढावयास दोन तास लागले, तेवढ्यांत ऊनही चढलें होतें. दोन्ही ठिकाणचें माप एकाच वेळचें नव्हतें. पुस्तकांतलें उदाहरण आणि डोंगरावरचें उदाहरण यांत हाच भेद. हायस्कुलांतील शास्त्राचा पहिला धडा यापरता कोणता?

तिसरी सहल राजमाचीच्या बाजूस, काजवे पाहावयास. पावसाच्या तोंडावर थोडेच दिवस हा सोहळा असतो. काजव्याच्या पोटांत एक द्रव्य असतें; प्राणवायूशीं त्याचा संयोग झाला कीं प्रकाश पडतो, पण उष्णता जवळजवळ नसते. नर-मादी परस्परांना खूण करितात ती या प्रकाशानें. म्हणून तेथें बॅटरी पाजळूं नये, काजवे धरूं नयेत, झाडाजवळ गलका करूं नये. अलीकडे गर्दीमुळें त्यांना फार उपद्रव होतो. आम्ही अंधारांत उभे असतां नातू आपल्या बापाशीं हळू आवाजांत बोलत होता. नव्या शाळेंत ओळखीचें कोणी नाहीं, याची त्याला धास्ती होती. घरीं दिव्याच्या उजेडांत त्यानें ती कधीं सांगितली नव्हती. बाप ऐकत राहिला. मी दोन पावलें मागें सरलों.

श्रोतेहो, लांबचा प्रवास आणि मोठा खर्च यांची यासाठीं गरज नाहीं. आपल्या तालुक्यांत एखादें लेणें, किल्ला, धरण किंवा जुना घाट असेलच. दोन-तीन दिवस काढा, कारभार मुलाकडे द्या, त्याची चूक झाली तर ती होऊं द्या, आणि वाटेंत फार शिकवूं नका. हायस्कूल सुरू झालें कीं मुलाचे मित्र वाढतात, वेळ आटतो. तें तसें व्हावयासच हवें. बीजगणित शाळेंत येतेंच. परंतु दीड तासाचा तो फलाट पुढें शोधून सांपडत नाहीं. मला तो माझ्या मुलाबरोबर मिळाला खरा. पण तीस वर्षें उशिरा. आपण तितका उशीर करूं नये, एवढीच विनंती.