बाप्तिस्मा एकाचा

लूकच्या शुभवर्तमानात, चौदाव्या अध्यायात, मागे येणाऱ्या गर्दीला येशू बजावतो की मनोरा बांधायला काढणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा. त्याच्या जरा आधी आईबाप, बायको, मुलं यांचाही उल्लेख आहे: त्यांच्यापेक्षा मला वर मानता येणार नसेल तर माझे शिष्य होऊ नका. शिष्यत्वाची किंमत सांगणारी बरीच प्रवचनं इथूनच निघतात. हिशेब मांडतो तो शिष्य. ज्या बायकोचं नाव त्याने सोडायच्या यादीत घातलं, तिला कोणी विचारलं होतं का?

कवी नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या होत्या आणि पदरात लहानगा दत्तू. नवरा हयात, म्हणून त्या विधवा नव्हेत. नवरा बाटलेला, म्हणून संसारही नाही. त्या काळच्या ब्राह्मण घरात अशा बाईला बसायला पाटच नव्हता. पुढची काही वर्षं त्यांनी नातलगांच्या आधाराने काढली, त्यांतला मोठा काळ पंढरपुरात. त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना आपण इतके हसतो की हे दिवस किती जीवघेणे होते ते निसटून जातं. त्या विनोदाचं मला कौतुक आहे, आणि थोडी भीतीही वाटते. अखेर त्या नगरला नवऱ्याकडे गेल्या, पण धर्म जिथल्या तिथे ठेवून. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं, सोवळं कडक. टिळकांनी ते चालू दिलं. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा झाला १९०० साली, त्यांच्या स्वतःच्या बुद्धीला पटल्यावर. नवऱ्यामागून फरफटत गेलेली बायको हे चित्र म्हणूनच खोटं आहे.

टिळकांना दुसरी वाट मोकळी होती. सरकारने १८५०च्या एकविसाव्या कायद्याने धर्मांतरिताचा वारसाहक्क राखला होता, म्हणजे इस्टेटीचा प्रश्न निदान कागदावर मिटला. उरला जोडीदाराचा. त्यासाठी १८६६चा कायदा आला (योगायोगाने तोही एकविसावाच). नवरा ख्रिस्ती झाला म्हणून बायको सलग सहा महिने त्याच्यापासून दूर राहिली, तर त्याला कोर्टात जाता येई. न्यायाधीश तिला विचारणार, ती नाही म्हणाली तर एक वर्ष थांबणार, तरीही नकार कायम असेल तर लग्न मोडणार. मग दोघांनाही पुन्हा लग्नाची मुभा! नवऱ्याला ख्रिस्ती मंडळीत दुसरी बायको मिळाली असती. पण पंढरपुरातल्या ब्राह्मणबाईला ही मुभा घेऊन कुठे जाता आलं असतं? टिळकांनी त्या कायद्याला हात लावला नाही, हे त्यांच्या कवितांइतकंच लक्षात ठेवण्याजोगं आहे.

मुलांचं आणखी अवघड. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले, आणि धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहायला गेला. वडिलांनी कोर्टात दाद मागितली, मुलगा ताब्यात मिळाला. पण मिशनऱ्यांच्या घरी जेवलेल्या पोराला पंगतीला कोण घेणार? प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावं, अशी बाजू पत्रकार बाळशास्त्री जांभेकरांनी घेतली आणि ब्रह्मवृंदात दोन तट पडले. श्रीपतला काय हवं होतं, हा मुद्दा दोन्ही तटांनी बाजूलाच ठेवला.

टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगारही सोडला आणि ‘देवाचा दरबार’ हा येशूभक्तांचा मेळा सुरू केला. येशूला मिशनच्या चौकटीबाहेर भेटायचं होतं त्यांना. आता घर कसं चालवायचं, हे कोडं पुन्हा लक्ष्मीबाईंच्याच पदरात! मे १९१९ मध्ये टिळक गेले.

ही सगळी ब्राह्मणांची कथा झाली, आणि मराठीत तीच जास्त लिहिली गेली. एकट्याने घर सोडणं हे नाट्य तिथलं. नगर जिल्ह्यातले महार, मांग ख्रिस्ती झाले ते बहुधा भावकीसकट, त्यामुळे चूल फारशी दुभंगली नाही. तिथली किंमत गावकीत चुकवावी लागे. देवीच्या जत्रेतली कामं नाकारली की बलुत्यावरून, पाणवठ्यावरून तंटे उभे राहत.

आणि ती किंमत पणतवंडांपर्यंत येऊन पोहोचली. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध. दलित ख्रिस्ती बाहेरच राहिले. जात बाप्तिस्म्याने धुतली जाते असं सरकार मानतं. सोयरीक जुळवताना मंडळीतली माणसंही तसं मानत नाहीत. म्हणून कित्येक घरांत दोन नावं असतात, एक दाखल्यावरचं आणि एक रविवारचं. हा दर्जा धर्मांतरितांना द्यावा का, हे तपासायला केंद्राने २०२२ मध्ये निवृत्त सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला. पणजोबांनी हिशेब केला असेल, तेव्हा त्यात जातीचा दाखला नव्हता.