डावरा परगावी गेला तेव्हा

आरे-वारेच्या पुळणीवर सुकती लागली की ओली वाळू सारवलेल्या अंगणासारखी घट्ट होते. सुरूच्या बनाच्या खालच्या अंगाला, पर्यटकांच्या गाड्या थांबतात तिथून जरा बाजूला, आमच्या बौद्धवाडीची पोरे रोज सायंकाळी फुटबॉल खेळतात. गोलाला खांब नाहीत. चपलांचे दोन ढीग, मधून चेंडू गेला की गोल. भरती येऊ लागली की सामना संपला, तिथे पंचाची शिट्टी लागत नाही.

तसे पाहिले तर कोकणी माणसाचा खेळ कबड्डी आणि त्याखालोखाल क्रिकेट. फुटबॉल आमच्या वाडीत उशिरा आला. २०१७ च्या ऑक्टोबरात सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा आपल्या देशात झाली. तिच्या आधी, १५ सप्टेंबर रोजी, राज्य सरकारने मोहीम काढून शाळाशाळांतून फुटबॉल खेळवला आणि शाळांना चेंडू दिले. मोहीम त्या दिवसापुरती होती, चेंडू मात्र राहिले. त्यातलाच एक चेंडू पुढे पुळणीवर आला. कसा आला ते आम्ही विचारले नाही, गुरुजींनीही विचारले नाही.

या चेंडूवरच आमचा डावरा तयार झाला. नाव छापत नाही, पोर अजून सोळा वर्षांचे आहे. डाव्या पायाने मारतो म्हणून वाडी त्याला डावरा म्हणते. बाप होडीवर जातो, आई दुसऱ्यांच्या आंब्याच्या बागेत मजुरीला. गेल्या वर्षीच्या जूनमध्ये त्याची घाटावरच्या एका क्रीडा वसतिगृहात निवड झाली. राहणे, खाणे आणि शाळा तिथेच. त्याला निरोप द्यायला सगळी वाडी रस्त्यावर आली होती. ढोलकी वाजली, जयभीमच्या घोषणा झाल्या, म्हाताऱ्यांनी हातावर दहा-वीस रुपये ठेवले. एसटी वळणावरून दिसेनाशी झाली आणि त्याच्याबरोबर खेळणारी सहा-सात पोरे घराकडे न जाता सरळ पुळणीवर गेली. त्या दिवशी ती खेळली नाहीत, नुसती बसून राहिली.

त्याची आजी आम्हाला म्हणाली, "गेला तं बरा झाला. पन सांजचा कुनी वरडत नाय, तं गमत नाय."

या एका वाक्यात जे आहे त्यावर लिहायचे म्हणून आम्ही बसलो आहोत. पोर पुढे जावे म्हणून आपणच धडपडतो, आणि ते गेले की आपल्याच घशात आवंढा येतो. वर थोडा रागही येतो. या रागाची लाज वाटते म्हणून तो कोणी बोलून दाखवत नाही.

हा राग उघडपणे बोलताना आम्ही फक्त कोल्हापूरकरांना पाहिले. नोकरीच्या निमित्ताने आम्ही तिथे दोन वर्षे काढली. रत्नागिरीहून आंबा घाट चढला की काही तासांत कोल्हापूर, पण खेळाच्या बाबतीत तो वेगळाच मुलूख आहे. फुटबॉलचे संघ तिथे तालमींचे आणि पेठांचे. पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब ही नावे तिथल्या पोराला पाढ्यांच्या आधी पाठ होतात. सामना शाहू स्टेडियमवर असला की दुकानदार गल्ल्यावर पोराला बसवून स्वतः गॅलरीत येतो. एका पेठेचा खेळाडू पुढच्या मोसमात दुसऱ्या पेठेकडून उतरला, तर गॅलरीतून जे शब्द ऐकू येतात ते या कुटुंबाच्या पानावर छापता येणार नाहीत. एकदा आमच्या शेजारी बसलेले एक पोक्त गृहस्थ अशाच एका पोराला पहिला अर्धा वेळ शिव्या घालत होते. उत्तरार्धात त्याने दोघांना चकवून चेंडू पुढे काढला तेव्हा तेच उठून उभे राहिले आणि डोळे पुसत म्हणाले, "आमच्याच गल्लीत शिकलंय ते."

पेठ बदलली तर एवढे रामायण, मग गावच सोडले तर काय? कोल्हापूरच्या रिक्षाचालकाचा मुलगा अनिकेत जाधव याने तेच केले. ज्या वयात बाकीची पोरे पेठेची जर्सी कधी मिळेल याची वाट पाहतात, त्या वयात तो घर सोडून पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला. ६ ऑक्टोबर २०१७ रोजी दिल्लीच्या नेहरू स्टेडियमवर भारताचा संघ फुटबॉलच्या विश्वचषकात प्रथमच उतरला, तेव्हा तो त्या संघात होता. अमेरिकेने आपल्याला तीन गोलांनी हरवले. पुढे कोलंबियाविरुद्ध मणिपूरच्या जीक्सन सिंगने भारताचा एकमेव गोल केला आणि तो सामनाही १-२ असा गेला. घानाने चार गोल चढवले. तिन्ही सामने हरलेला तो संघ, तरीही आमच्या वाडीच्या पोरांना त्यातली नावे तोंडपाठ होती, आणि 'रिक्षावाल्याचा पोरगा' हे तर विशेष करून. पुढे अनिकेत इंडियन अॅरोज, जमशेदपूर, हैदराबाद अशा संघांतून खेळत गेला.

तो कोल्हापुरातच का राहिला नाही, असे विचारणाऱ्यांनी महाराष्ट्राचा हिशेब पाहावा. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकणारा मुंबईचा महिंद्रा युनायटेड २०१० साली मालकांनी बंद केला. पुण्याचा डीएसके शिवाजियन्स २०१६-१७ च्या मोसमानंतर आय-लीगमध्ये दिसलाच नाही. ज्यांची माया कंपनीच्या ताळेबंदावर अवलंबून, ते संघ असेच जायचे. पेठेच्या संघाला ताळेबंद नसतो म्हणून तो टिकतो, पण तो पोराला पोटापुरते देऊ शकत नाही. मग पोराने जमशेदपूरची गाडी धरली तर त्याला बोल कसा लावायचा?

आम्ही कॉमर्सवाले, म्हणून एक हिशेब सांगण्याचा मोह आवरत नाही. जागतिक फुटबॉल संघटनेचा, म्हणजे फिफाचा, एक नियम आहे. एखादा खेळाडू करार चालू असताना एका देशातल्या क्लबकडून दुसऱ्या देशातल्या क्लबकडे विकला गेला, तर त्या रकमेतले पाच टक्के बाजूला काढायचे आणि तो बाराव्या वर्षापासून तेविसाव्या वर्षापर्यंत जिथे जिथे शिकला त्या क्लबांना वाटायचे. बारा ते पंधरा या वयातल्या दर वर्षाला पाव टक्का, पुढच्या दर वर्षाला अर्धा टक्का. मालक कोणीही होवो, ज्याने पोराला चालायला शिकवले त्याचा वाटा कागदावर राहतो. हे वाचले तेव्हा आम्हाला बरे वाटले. मग लक्षात आले की हा वाटा नोंदणी झालेल्या क्लबांना मिळतो. चपलांच्या दोन ढिगांची नोंदणी कुठे करायची?

आपल्या समाजाला हा विषय नवा नाही. पालवणकर बाळू हे नाव जुन्या वाचकांना आठवत असेल. पालवण हे कोकणातले गाव, त्यावरून आडनाव. जन्म धारवाडचा, चर्मकार कुटुंबातला. एकोणिसावे शतक संपत असताना पुण्याच्या गोऱ्या साहेबांच्या क्लबात हा मुलगा महिना तीन-चार रुपयांवर खेळपट्टी सारखी करायचा, जाळे बांधायचा आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचा. डाव्या हाताची त्याची फिरकी साहेबांनाही समजत नसे. पुढे हिंदूंच्या संघाने त्याला घेतले. मैदानात चेंडूला त्याचा हात लागलेला चालत होता, पण चहाच्या वेळी त्याला पॅव्हिलियनच्या बाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. प्लेगच्या सुमारास बाळू पुणे सोडून मुंबईला गेले. पुण्याच्या क्रिकेटरसिकांना हळहळ वाटली असणार. ज्यांनी बाहेर चहा पाजला, त्यांनाही वाटली असेल काय?

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ हरत होता, बाळू बळी घेत होते. दौऱ्यात ११४ बळी. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. १९२० साली त्यांना संघातून वगळले, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम हे त्यांचे भाऊ निषेध करून संघाबाहेर पडले. संघ सोडून जाण्याचा हाही एक प्रकार आहे, आणि आम्हाला तो सर्वांत मोलाचा वाटतो. १९२३ साली विठ्ठल त्याच हिंदू संघाचा कर्णधार झाला आणि संघ जिंकला.

आता अवघड भाग. १९३२ च्या पुणे करारावर बाबासाहेबांबरोबर बाळूंचीही सही आहे. आणि १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत काँग्रेसने बाबासाहेबांच्या विरुद्ध उमेदवार उभा केला तो हाच पालवणकर बाळू. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. फरक दोन हजारांचा. ज्या माणसाच्या पराक्रमाने आपली छाती फुगली होती, तोच समोरच्या बाजूने उतरला.

आमच्या वाडीत गिरणीतून निवृत्त होऊन आलेले एक आजोबा होते. आम्ही शाळेत असताना त्यांच्याकडून बाळूंची गोष्ट ऐकायचो. इंग्लंडचा दौरा ते मन लावून सांगत, हाताने चेंडू फिरवून दाखवत. पण १९३७ आले की तंबाखूची पिशवी काढत आणि गप्प होत. शिवी मात्र त्यांनी कधी दिली नाही. आपल्यातले काही जण बाळूंचे नावच टाकून देतात, काही जण फक्त क्रिकेट सांगून निवडणूक गाळतात. दोन्ही बरोबर नाही असे आमचे मत आहे. आजोबांसारखे दोन्ही सांगावे, आणि मध्ये गप्प व्हावेसे वाटले तर व्हावे.

हे सगळे आठवायचे कारण गेल्या मे महिन्यात घडले. डावरा सुट्टीत घरी आला. रत्नागिरीत एक स्पर्धा होती, आमच्या वाडीचा संघही उतरला होता. आणि डावरा शहरातल्या एका संघाकडून खेळला! त्यांनी जाण्यायेण्याचे भाडे आणि वर थोडे पैसे दिले होते. आमच्याकडून त्याला कोणी विचारलेच नव्हते. तो आपलाच आहे, त्याला विचारायचे काय, असे सगळ्यांनी धरून चालले होते. सामना १-१ असा चालला असताना त्याने डाव्या पायाने असा गोल मारला की आमचा गोलरक्षक जागचा हललाही नाही. डावरा हात वर न करता मान खाली घालून मागे फिरला. आमच्या बाजूला कोणी ओरडले, "जोडे कुनाचे रे तुझे?" आणि त्याच वेळी मागून टाळ्या वाजल्या. टाळ्या वाजवणारेही आमचेच होते.

जोड्यांची गोष्ट अशी, की तो जाताना मंडळाने जयंतीच्या वर्गणीतून त्याला खेळाचे जोडे आणि प्रवासखर्च दिला होता. मंडळाचा जमाखर्च आम्ही लिहितो. सामन्यानंतरच्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर हा विषय निघालाच. दोघे-तिघे म्हणाले, पैसे परत मागा. एकाने तर रक्कम तोंडपाठ सांगितली. डावऱ्याचा बाप उठला आणि म्हणाला, गणपतीत बोटीचा हिस्सा मिळाला की फेडतो. त्यानंतर विहारात बराच वेळ कोणी बोलले नाही.

शेवटी महिला मंडळाच्या एका बाई म्हणाल्या, "पोराला दिलेलं परत मागायचं, तर आधी त्याला पुळणीवर शिकवलं कोणी त्याचा पगार ठरवा. आम्ही रोज भाकरी घालत होतो, आमचाही लिहा." लोक हसले. पैसे परत घ्यायचे नाहीत असे ठरले, पण सर्वानुमते नाही. चौघांनी हात वर केले नाहीत आणि ती नोंद आम्ही इतिवृत्तात केली आहे. त्यांचाही राग खोटा नव्हता. त्यातल्या एकाचा मुलगा त्या दिवशी आमच्या गोलात उभा होता.

डावरा जूनमध्ये परत गेला. जायच्या आदल्या संध्याकाळी तो पुळणीवर आला होता आणि अंधार पडेपर्यंत अनवाणी खेळला. गोलरक्षक पोराने आधी चेंडू देईना असे केले, मग दिला.

सध्या पुळणीवर आठवीतली एक मुलगी मुलांच्यात खेळते आणि दोन्ही पायांनी मारते. मुलींसाठी असे वसतिगृह कुठे आहे, तिला किती वर्षे राहावे लागेल आणि दिवाळीला सोडतात का, असे तिच्या आईने आम्हाला विचारले आहे. चौकशी करून सांगतो म्हणालो. जोडे पाच नंबरचे लागतील.