यंत्र आले, उमेदवारीचे काय ?

कृत्रिम बुद्धिमत्तेचा विषय निघाला की दोन प्रश्न हमखास येतात : हे यंत्र आमची नोकरी घेईल काय, आणि ते चालवावयास किती दिवसांत शिकता येईल ? आम्हांस वाटते, यांपैकी दुसरा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही.

विजेचा इतिहास पाहावा. १८८२ साली एडिसनने न्यूयॉर्कमध्ये वीजकेंद्र सुरू केले. परंतु अमेरिकेतील कारखान्यांना विजेचा खरा लाभ मिळू लागला तो १९२० नंतर. आरंभी मालकांनी वाफेचे मोठे इंजिन काढून तेथे विजेची मोठी मोटर बसविली. छताजवळचा लांब दांडा आणि त्यावरचे पट्टे होते तसेच राहिले. पुढे प्रत्येक यंत्राला स्वतंत्र मोटर मिळाली, मांडणी कामाच्या ओघाप्रमाणे बदलली, माणसे नव्या रीतीने काम करू लागली, तेव्हा कोठे उत्पादन वाढले.

आजच्या यंत्राची कळ दाबणे आठवड्यात येते. परंतु लिहिणारे हे यंत्र एकामागून एक संभाव्य शब्द जुळवीत उत्तर रचते; त्यामुळे चुकीचे उत्तरही ते तितक्याच ठाशीव भाषेत देते. २०२३ साली न्यूयॉर्कमधील दोन वकिलांनी त्याने पुरविलेले खटल्यांचे दाखले न्यायालयात सादर केले. त्यांतील कित्येक खटले कधी झालेलेच नव्हते ! न्यायाधीशांनी ते वकील व त्यांची पेढी यांना मिळून पाच हजार डॉलर दंड केला. यंत्र चालविणे जमले होते. पडताळणी राहिली होती.

पडताळणीची नजर येते कोठून ? ज्याने स्वतः कीर्द लिहिली, खतावणी केली, मेळ बसेना म्हणून पुन्हा पुन्हा बेरजा तपासल्या, त्याला चुकीचा आकडा पाहताच खटकतो. ही कंटाळवाणी कामे हीच उमेदवारी; आणि नेमकी अशीच कामे यंत्राकडे सोपविण्याचा मोह मोठा. पेढीला त्यात आज बचत दिसेल. पण दहा वर्षांनी यंत्राची चूक पकडणारा जाणता माणूस तिला कोठून मिळणार?

म्हणून नवख्याने काही काळ काम स्वतः करावे, मग यंत्राच्या उत्तराशी ताडून पाहावे आणि सापडलेल्या चुकांची नोंद ठेवावी. हे शिक्षण कामाच्या वेळात, पगारी असावे. यंत्राचा लाभ पेढीला आणि शिकण्याचा भार कारकुनाच्या रविवारवर, ही वाटणी आम्हांस न्याय्य वाटत नाही.